नव्या गुडघ्याचे पहिले सहा आठवडे

घरातल्या दाराची बिजागरी गंजली आणि दार करकरू लागले तर आपण काय करतो? सुताराला बोलावतो. तो जुनी बिजागरी काढतो, नवी बसवतो आणि अर्ध्या तासात निघून जातो. त्या क्षणापासून दार पूर्वीसारखे उघडू-मिटू लागते. दाराला काही नव्याने शिकावे लागत नाही.

आपला गुडघाही बिजागरीसारखाच सांधा आहे. तो झिजतो, करकरतो आणि आता तो बदलताही येतो. मग गुडघा बदलून घरी आलेल्या आजी दुसऱ्या दिवसापासून तरातरा का चालू लागत नाहीत? उलट पहिले काही दिवस पूर्वीपेक्षा जास्तच दुखते, मांडी थरथरते, पलंगावर सरळ ठेवलेला पाय उचलू म्हटले तर उचलत नाही. बिजागरी तर नवी कोरी, मग अडते कुठे?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराला माहीत असायला हवे. शस्त्रक्रिया रुग्णालयात साधारण दीड-दोन तासांत आटोपते. गुडघा चालता करण्याचे काम मात्र घरी कित्येक आठवडे चालते, आणि ते कसे होते यावर पुढची अनेक वर्षे अवलंबून असतात. या कामात तुमचाही हात लागू शकतो.

गुडघा बदलतात म्हणजे काय करतात?

गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांवर टेकतात. पुढच्या बाजूला वाटी असते. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या थरात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे एकदा झिजला की तो सहसा भरून येत नाही. थर गेला की हाड हाडावर घासते आणि पाऊल टाकणे नकोसे होते. यालाच संधिवाताचा एक प्रकार, अस्थिसंधिवात, म्हणतात.

शस्त्रक्रियेत अख्खा गुडघा काढतात अशी पुष्कळांची समजूत असते, पण तसे नाही. दंतवैद्य किडलेला दात तासून त्यावर टोपी बसवतात ना, तसाच काहीसा हा प्रकार आहे. दोन्ही हाडांच्या टोकांवरचा सुमारे ८ ते १० मिलिमीटर जाडीचा झिजलेला भाग कापतात. मांडीच्या हाडावर बहुधा कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि दोहोंमध्ये पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकची चकती बसवतात. स्नायू, कातडी, रक्तवाहिन्या आणि बाजूचे अस्थिबंध आजींचे स्वतःचेच राहतात. आपल्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे, हे ध्यानात ठेवा.

ही कल्पना जुनी आहे. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लिस ग्लुक या शल्यचिकित्सकाने हस्तिदंताचा गुडघा बसवून पाहिला होता. आजच्या गुडघ्याचा पूर्वज म्हणता येईल असा सांधा १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. मध्य प्रदेशात जन्मलेले डॉ. चित्तरंजन राणावत हे त्या सहकाऱ्यांपैकी एक. याच डॉ. राणावतांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्या वेळचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा गुडघा जून २००१ मध्ये बदलला. वाजपेयींनी तेव्हा वयाची पंचाहत्तरी गाठलेली होती. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर जेमतेम पाच-सहा आठवड्यांनी, १४ ते १६ जुलै २००१ या दिवसांत, ते आग्र्याच्या शिखर परिषदेत पाकिस्तानच्या राष्ट्राध्यक्षांशी वाटाघाटी करत होते.

पंतप्रधान असोत की आपल्या आजी, शरीराचे नियम सर्वांना सारखेच. त्या पाच-सहा आठवड्यांत शरीरात काय घडते, ते आता पाहू.

झोपी गेलेला स्नायू

आधी एक प्रयोग करा. जमिनीवर पाय सरळ पसरून बसा. उजव्या गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा. आता गुडघ्याने तो टॉवेल खाली दाबा आणि एक हात मांडीच्या पुढच्या भागावर ठेवा. स्नायू दगडासारखा टणक झालेला लागेल, आणि गुडघ्याची वाटी किंचित वर सरकलेली दिसेल. हाच तो मांडीचा मोठा स्नायू. त्याचे चार भाग असल्यामुळे त्याला क्वाड्रिसेप्स म्हणतात. गुडघा सरळ करणे, खुर्चीतून उठणे, जिना चढणे ही सारी कामे मुख्यतः त्याची.

शस्त्रक्रियेनंतर हा स्नायू जणू झोपी जातो. गुडघ्यात सूज आली, द्रव साठला की सांध्याच्या आवरणातले मज्जातंतू मज्जारज्जूकडे सतत संदेश पाठवू लागतात. त्याचा अर्थ असा, की 'इथे इजा झाली आहे, हालचाल थांबवा!' मज्जारज्जू हा निरोप ऐकून मांडीच्या स्नायूला जाणारे हुकूमच कमी करते. तापलेल्या तव्याला बोट लागताच हात आपोआप मागे येतो, ती प्रतिक्षिप्त क्रिया तुम्ही शाळेत शिकला आहात. ही तिचीच एक बहीण. फरक इतकाच, की इथे स्नायू आकसत नाही, गप्प बसतो. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात मांडीच्या या स्नायूची ताकद निम्म्याहून अधिक घटलेली असते, असे मोजून पाहिलेले आहे.

म्हणजे आजी 'पाय उचलत नाही गं' म्हणतात, तेव्हा त्या कंटाळा करत नसतात. हुकूमच पोचत नसतो. तो पोचवण्याची वाट पुन्हा मोकळी करावी लागते, आणि ती मोकळी होते ती वापरूनच. म्हणून तुम्ही आत्ता केलेला टॉवेल दाबण्याचा व्यायाम आजींना पहिल्या दिवसापासून शिकवतात. पाच सेकंद दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. दिसायला क्षुल्लक, पण झोपलेल्या स्नायूला मारलेली ती हाक आहे.

सूज कमी झाली की हा अडथळाही कमी होतो. म्हणून बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे शेकतात आणि अधूनमधून पाय उंच ठेवतात. सुरुवातीच्या दिवसांत गरम पाण्याचा शेक नको. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि सूज वाढते.

घड्याळ कुणासाठी थांबत नाही

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक आहे. जखम झाली की शरीर ती सांधण्यासाठी कोलॅजन या प्रथिनाचे तंतू विणू लागते. गुडघ्याच्या आतही हेच चालू असते. सुरुवातीला हे तंतू मऊ व लवचिक असतात. गुडघा रोज वाकवला आणि सरळ केला, तर ते त्या हालचालीला सोयीचे असे मांडले जातात. गुडघा तसाच ठेवला, तर ते आडवेतिडवे चिकटतात आणि घट्ट होतात. ओल्या मातीला आकार देता येतो, वाळल्यावर नाही. पहिले सहा ते बारा आठवडे ही आपली ओली माती. ही वेळ टळली तर कधी कधी भूल देऊन गुडघा वाकवण्याची पाळी येते.

आणि इथेच माया आडवी येते. आजींना दुखते आहे हे पाहून घरातले म्हणतात, 'राहू द्या आज, उद्या करा.' पाय ताणलेला बघवत नाही म्हणून कुणी प्रेमाने गुडघ्याखाली मऊ उशी सरकवते. आजींना बरे वाटते. पण उशीमुळे गुडघा रात्रभर किंचित वाकलेला राहतो, आणि ओली माती त्याच आकारात वाळू लागते. उशी हवीच असेल तर टाचेखाली ठेवावी, म्हणजे गुडघा आपल्याच वजनाने सरळ होतो.

थोडासा वाक राहिला तर काय बिघडले, असे तुम्ही विचाराल. पुन्हा प्रयोग करा. गुडघे किंचित वाकवून एक मिनिट उभे राहा. मांड्या भरून येतात, नाही का? सरळ गुडघ्यावर उभे राहिलो की भार हाडे पेलतात आणि स्नायू विसावतो. वाकलेल्या गुडघ्यावर मात्र स्नायूला क्षणाचीही उसंत नाही. ज्या आजींचा गुडघा पुरता सरळ होत नाही, त्यांना दिवसभर असेच उभे राहावे लागते.

कोनमापक काढा

गुडघा किती वाकतो हे अंदाजाने नव्हे, मोजून सांगता येते. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या एका टोकाला टाचणीने जोडा. जोड गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला धरा. एक पट्टी मांडीच्या रेषेत, दुसरी पोटरीच्या रेषेत ठेवा आणि मधला कोन कोनमापकाने मोजा. एक गंमत ध्यानात घ्या. भूमितीत सरळ पाय म्हणजे १८० अंशांचा कोन, पण डॉक्टर सरळ पायाला शून्य म्हणतात आणि तिथून वाक मोजतात. तेव्हा तुम्ही मोजलेला कोन १८० मधून वजा करा. तुमचा कोन ७० अंश आला, तर वाक ११० अंश.

सपाटीवर चालायला सुमारे ६० ते ७० अंश वाक लागतो. जिन्याला ८० ते १०० अंश आणि खुर्चीतून सहज उठायला ९० हून थोडा अधिक. मांडी घालून किंवा उकिडवे बसायला १३० अंशांच्या पुढे. घरी आल्यावर साधारण दोन आठवड्यांत ९० अंश आणि दोन-तीन महिन्यांत ११० ते १२० अंश वाक यावा, असे सामान्यतः उद्दिष्ट असते. प्रत्येकाचा वेग मात्र निराळा असतो.

यावरून एक गोष्ट उघड होते. आपल्याकडचे खाली बसून जेवणे, पाटावर बसून पूजा करणे आणि भारतीय पद्धतीचा संडास या साऱ्यांना लागणारा वाक नव्या गुडघ्याच्या सोयीपलीकडचा आहे. बहुतेक डॉक्टर तो टाळायला सांगतात. म्हणजे गुडघ्याबरोबर घरही थोडे बदलायला हवे.

वाड्यातला जिना

समजा, आजी नाशिकच्या पंचवटीतल्या एखाद्या जुन्या वाड्यात राहतात. उंच उंबरा, अरुंद लाकडी जिना, ओली मोरी आणि खाली अंथरलेली सतरंजी. निरोगी माणसाला यातले काही जाणवत नाही. वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाला मात्र प्रत्येक गोष्ट म्हणजे एक परीक्षा. म्हणून आजी घरी येण्याआधीच त्यांचा पलंग खाली आणावा. सतरंजी आणि सरकणारे पायपुसणे उचलावे. मोरी कोरडी ठेवावी. हातांची उंच खुर्ची, कमोडची खुर्ची आणि रात्रीसाठी मंद दिवा यांची सोय करावी. पूजा खुर्चीत बसून केली तरी देव रागावत नाहीत!

जिना पुढे-मागे चढावा लागतोच. त्याचा नियम सोपा आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. हा नियम पाठ करू नका, समजून घ्या. एखादी पायरी सावकाश चढून पाहा. जो पाय आधी वर जातो, तोच शरीर वर उचलतो. आता सावकाश उतरा. जो पाय वरच्या पायरीवर मागे राहतो, तोच वाकत वाकत शरीराचा भार खाली सोडतो. म्हणजे दोन्ही वेळा जड काम चांगल्या पायाकडे गेले.

हे काम किती जड असते? बर्लिनच्या संशोधकांनी पाच रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यांत भार मोजणारी बारीक उपकरणे बसवली आणि २०१० साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट भार येतो. जिना चढताना ३.२ पट आणि उतरताना जवळजवळ ३.५ पट. आजींचे वजन ६० किलो असेल, तर चालताना १५६ किलो आणि उतरताना २१० किलो!

वजनाहून भार अधिक कसा? त्यासाठी पुन्हा दाराकडे जाऊ. दार कडीजवळ ढकला, सहज सरकेल. आता बिजागरीजवळ ढकला. केवढा जोर लागतो! मांडीचा स्नायू गुडघ्याच्या बिजागरीच्या अगदी जवळून, वाटीवरून, ओढतो. त्याची तरफ आखूड, म्हणून त्याला जोर फार लावावा लागतो, आणि त्या जोराचा दाब सांध्यावरच पडतो. वजन एक किलोने घटले तर चालताना गुडघ्यावरचा भार अडीच किलोहून अधिक घटतो, हे गणित तुम्हीच करून पाहा.

वॉकर सुटला की काठी येते. ती कोणत्या हातात धरायची? दुखऱ्या पायाच्या बाजूला, असे बहुतेक जण सांगतील. पण नाही, विरुद्ध हातात धरायची. आपण चालतो तेव्हा उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे जातो. काठी विरुद्ध हातात असली की ती शस्त्रक्रियेच्या पायाबरोबरच जमिनीला टेकते आणि त्याचा थोडा भार आपल्याकडे घेते. शिवाय दोन आधारांमधले अंतर रुंद झाल्याने तोल सावरतो.

पोटरीतले दुसरे हृदय

एका गोष्टीत मात्र हयगय चालत नाही. पायातले रक्त हृदयाकडे वर चढवण्यासाठी पोटरीचे स्नायू पंपासारखे काम करतात. ते आकुंचन पावले की शिरा दाबल्या जातात, आणि झडपांमुळे रक्त वरच्याच दिशेला सरकते. माणूस पडून राहिला की पंप थंडावतो, रक्त संथ होते आणि शिरेत गुठळी होण्याची भीती असते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतते. म्हणूनच हल्ली शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करतात, आणि पलंगावरही पाऊल घोट्यातून वर-खाली हलवत राहायला सांगतात. रक्त पातळ ठेवण्याची औषधे दिली असतील तर ती एकही वेळ चुकवायची नाहीत.

पोटरी एकाएकी सुजली, टणक झाली, दुखू लागली तर लगेच डॉक्टरांना कळवा. अशा पोटरीला मालीश करणे धोक्याचे आहे. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर क्षणही न दवडता १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. जखमेतून पू किंवा पाणी येणे, लाली पसरत जाणे, ताप आणि वाढत जाणारी वेदना ही जंतुसंसर्गाची लक्षणे. धातूवर आणि प्लॅस्टिकवर बसलेल्या जंतूंना हुसकावणे फार अवघड असते. तेव्हा जखमेवर हळद, तेल, लेप असले काहीही लावू नये. हळदीवर आपला कितीही विश्वास असो, तिची जागा स्वयंपाकघरात!

गुडघा थोडा गरम लागणे, संध्याकाळी सुजणे, रात्री झोप मोडणे हे मात्र काही आठवडे चालतेच. त्याने घाबरून व्यायाम सोडू नये. वेदनाशामक औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी घेतले की व्यायाम सुसह्य होतो. कोणता व्यायाम, किती वेळा, हे आजींच्या डॉक्टरांनी आणि भौतिकोपचारतज्ज्ञांनीच ठरवायचे. भौतिकोपचार हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. नाशिकच्याच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून, ज्याची स्थापना १९९८ साली झाली, राज्यातल्या अनेक महाविद्यालयांतले विद्यार्थी त्याची पदवी घेतात. तुमच्यापैकी कुणाला पुढे हा मार्ग धरावासा वाटला तर तो घराजवळूनच सुरू होतो.

तुमचे काम

एक वही करा. रोज तारीख लिहा. व्यायाम किती वेळा झाला, आजी किती पावले चालल्या, आणि आठवड्यातून एकदा वाक किती अंश आला, ते नोंदवा. त्याचा आलेख काढा. तो सरळ रेषेत चढणार नाही. एखाद्या दिवशी खाली येईल, एखादा आठवडा तिथेच रेंगाळेल. अशा दिवशी 'काही फरकच नाही' असे आजी म्हणाल्या तर त्यांना पहिले पान दाखवा. जिथे ५५ लिहिले होते तिथे आज ९५ आहे, हे आकडे कोणत्याही धीराच्या शब्दांपेक्षा अधिक बोलतात. शिक्षकांनाही तरफ, प्रतिक्षिप्त क्रिया आणि कोन हे तीन धडे या एका गुडघ्यावर शिकवता येतील.

आता सुरुवातीचा प्रश्न पुन्हा विचारू. बिजागरी नवी, मग अडते कुठे? दाराला स्नायू नसतात, मज्जातंतू नसतात आणि दुखण्याची भीतीही नसते. शल्यचिकित्सक सांधा देऊ शकतात. हालचाल मात्र ज्याची त्याने, त्याच्या घरच्यांच्या मदतीने, थोडी थोडी करून परत मिळवायची असते. हे कष्ट वाया जात नाहीत. अनेक वर्षांच्या नोंदी तपासून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार दहापैकी आठ कृत्रिम गुडघे पंचवीस वर्षे टिकतात.

काही महिन्यांनी आजी वणीच्या सप्तशृंगगडावर जाऊ म्हणतील. गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, तेव्हा सगळ्या पायऱ्या चढण्याची गरज उरलेली नाही. पण वाटेत ज्या थोड्या पायऱ्या लागतील, तिथे आजींच्या बाजूला उभे राहा आणि नीट पाहा. चढताना कोणता पाय आधी पुढे येतो?